गेनूआबा शाळेत नाव घालतात

भाकरी पोटात गेल्यावर कुंदाबाई शाळेच्या ओट्यावर पाठ टेकतात. डोळा लागतो न लागतो तोच समोरून गेनूआबा पिसाळ येताना दिसतात. आबांना जाऊन वर्ष झालं. पण जिवंतपणीही ते कुणाला विचारून आले नव्हते, तेव्हा बाईंना फारसं नवल वाटत नाही.

आबा म्हणजे गावचे जुने सरपंच आणि या डोंगरशाळेचे पहिल्या नंबरचे वैरी. आवाज असा, की पारावरून शिवी हासडली तर ओढ्यापलीकडच्या म्हशी पान्हा चोरत. पोरं पाण्यात उभी राहून गणितं करतात, काय शिकायचं ते स्वतःच ठरवतात, कुंभार मातीचा तास घेतो, धनगर म्हातारी ढगांचा. ही शाळा की माकडांचा बाजार? भिंती पाहिजेत, बाकं पाहिजेत, घंटा पाहिजे. वर्षानुवर्षं बांधावर उभं राहून ते हेच ओरडले, आणि ओरडता ओरडता सगळे तास ऐकून गेले.

आज दुपारी सभा आहे. हमरस्त्यावर एका संस्थेची तीन मजली इमारत झाली आहे, बसही फुकट. डोंगरशाळा बंद करून पोरं तिकडं धाडायची. शाळा कुंदाबाईंची, त्यांनी फक्त हो म्हणायचं. बाई थकल्यात. हो म्हणायचं त्यांनी सकाळीच पक्कं केलंय.

"सरा जरा," म्हणत आबा शेजारी टेकतात. ओटा आता ओढ्यातला खडक झालाय. आबांचं धोतर कुसळांनी भरलेलं. बाई पोरांची वेचतात तशी ती वेचून आपल्या पदराला लावू लागतात आणि विचारतात, तिकडं कसं काय चाललंय.

आबा आवाज उतरवतात.

"वर शाळाच हाय, बाई."

खडकाची बाकं होतात. चहूकडे गुळगुळीत भिंती, खिडकी एकही नाही, आणि हजारो म्हातारे हाताची घडी घालून बसलेले. आबा सांगतात, बाहेर बघितलं की छडी बसते. बाहेर तर दिसतच नाही, म्हणून मनातल्या मनात बघितलं तरी बसते. तक्रार केली तर तिथला कारकून गोड हसून म्हणाला, जन्मभर मागितलंत तेच दिलंय.

बाईंना हसू आवरत नाही.

"हसा. मी पळून आलोय. मला तुमच्या शाळेत नाव घालायचंय."

"उशीर झाला, आबा. आज मी शाळा बंद करायला हो म्हणणार आहे."

म्हातारा असा ताडकन उठतो, की भिंतीला तडा जातो आणि तड्यातून ओढा पुन्हा आत शिरतो.

"मी घसा फोडला तवा तुमी एक पाऊल मागं सरला न्हाई. एक भित उभी करू दिली न्हाई. आन् आता त्या बसवाल्याम्होरं मान डोलावणार? माझ्यापरीस मोठा वैरी हाय व्हय त्यो?"

आबा खाली बसतात.

"मग म्या जायाचं कुठं?"

बाई त्यांना वर्गात बसायला सांगतात. वर्ग म्हणजे उंबराची मुळं. पोरं आधीच बसलीत. या शाळेत हजेरीला कुणी हजर म्हणत नाही, वाटेत काय दिसलं ते सांगतात.

"गेनू पिसाळ. वाटेत काय दिसलं?"

आबा हात पाठीमागे बांधून उभे राहतात.

"एक बाई दिसली. सभेच्या दिवशी झोपलेली."

पोरं खो खो हसतात, आणि त्या हसण्यानंच बाईंना जाग येते. ओट्यासमोर गाव जमलंय. खुर्चीवर संस्थेचे साहेब, कडक इस्त्रीतले. मग ठरलं ना, असं ते विचारतात.

"नाही," बाई म्हणतात. "शाळा इथंच भरेल. आजच एक नवीन नाव घातलंय."

कुणाचं, असं साहेब विचारतात. बाई पदर खोचायला हात घालतात आणि बोटाला टोचतं. सकाळीच नेसलेल्या धुतल्या लुगड्याच्या पदराला मूठभर कुसळं.

त्या एकही काढत नाहीत.