फळीवरची तिची जागा

धरणाच्या फुगवट्याच्या काठावर, वाळलेल्या गाळावर तीन फळ्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या आणि त्यांतली एक निवडायला माझ्या धाकट्या बहिणीनं मला नगरहून बोलावून घेतलं होतं. मी सुप्याच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो. "तुला मापातलं कळतं, दादा," ती फोनवर म्हणाली होती. "आणि हसू नको हं."

मी हसलो होतोच. बहीण सत्तेचाळीस वर्षांची, शेवगाव तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. हिवाळ्यात ती मुलांना फुगवट्यावर आलेले रोहित पक्षी दाखवायला घेऊन गेली, तर तिथं एक मुलगी भल्या मोठ्या कापडी पतंगाच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवून, पायाखाली फळी घेऊन पाण्यावरून सरकत चाललेली. मुलं पक्षी विसरली. बाईही विसरल्या. ती मुलगी दर शनिवारी-रविवारी पुण्याहून येते, तंबू टाकते आणि शिकवते. बहीण त्यानंतरचे चार रविवार तिच्याकडे गेली. काठावर उभं राहून पतंग सांभाळायला शिकली, पोटावर पडून पाण्यातून ओढून घ्यायला शिकली. आता फळीवर उभं राहायचं होतं, आणि फळी तिला स्वतःची हवी होती.

त्या मुलीनं पहिल्या दिवशी भरून घेतलेला कागद पिशवीतून काढला. कोणती फळी द्यायची ते ठरवायला वजन, उंची, जुनी दुखापत असं सगळं त्यात होतं. ती मोठ्यानं वाचू लागली. "डावा घोटा. लहानपणी चालत्या फळीवरून उडी मारली. ताई, हे मी विचारणारच होते. चालत्या फळीवरून म्हणजे?"

बहीण हसत सुटली. "अगं, आमची शेतातली फळी. बैलांची. दादाला विचार, तो होता तिथं."

"काय झालं होतं, काका?"

बहिणीला ताई आणि मला काका, एवढंच त्या क्षणी मी धरून ठेवलं आणि त्यावर काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली.

आम्ही उभे होतो तिथून आमचं गाव हाकेच्या अंतरावर आहे. उन्हाळ्याकडे धरणाचं पाणी मागं हटतं, खालचा गाळ उघडा पडतो आणि काठचे लोक त्यात भुईमूग, काकडी, कलिंगडं असं जमेल ते करतात. आमचे वडील, आबाही, तेच करायचे. आता फाल्गुनात जिथं कमरेएवढं पाणी होतं, तिथंच आमचा तो तुकडा होता. मघाशीच ती मुलगी म्हणाली होती, "इथं तळ किती सपाट आहे, पडलं तरी लागत नाही." तो सपाट कुणी केला हे मला माहीत होतं.

गाळ नांगरला की ढेकळं उठायची. ती फोडायला बैलांमागं बाभळीची जाड, आडवी फळी बांधायची. फळीला वजन हवं, म्हणून तिच्यावर आम्हा दोघांना उभं करायचे. मी बारा वर्षांचा, ती आठ. आबा बैलांबरोबर चालायचे. आम्ही फळीला बांधलेला दोर धरून मागं रेलायचं. आबा ओरडायचे, "गुडगं सैल सोडा रं! ताठ ऱ्हायलात की पडताल." पायाखाली ढेकूळ फुटायचं तो आवाज अजून माझ्या तळव्यांत आहे. फळी ढेकळावर चढायची, क्षणभर अधांतरी व्हायची आणि दुसऱ्या बाजूला उतरायची. त्या क्षणी बहीण "हुई" करायची. ओल्या गाळाचा वास, बैलांच्या शेपट्यांचे फटकारे, केसांत धूळ. संध्याकाळी आई आम्हाला अंगणाबाहेरच उभं करून अंगावर पाणी ओतायची. मला लहानपण आठवायचं म्हटलं की शाळा आठवत नाही, खेळ आठवत नाहीत. ती फळी आठवते.

एके दिवशी आबा बांधावरच्या माणसाकडे तंबाखूला गेले. जाताना कासरा माझ्या हातात दिला. "हळू घे," एवढंच म्हणाले. मी फळीवरून उतरून बैलांबरोबर चार पावलं हळू घेतलं. मग कासऱ्याचं टोक बैलाच्या पाठीवर ओढलं, आणखी एकदा ओढलं. बैल पळाले. मागून बहीण "दादा, नको," म्हणाली. ते मी ऐकलं होतं. मोठ्या ढेकळावर फळी उडाली, बहीण पुढं फेकली गेली आणि तिचा डावा पाय फळीखाली आला.

आबा धावत आले. "काय झालं रं?"

"तिनं उडी मारली," मी म्हणालो.

ती रडत होती, तिला बोलता येत नव्हतं. आबांनी तिला खांद्यावर घेतलं. शेजारच्या गावच्या हाडवैद्यानं पाय बांधून दिला. हाड बसलं, पण घोटा कायमचा जाड राहिला. चप्पल घेताना डावी नेहमी एक माप मोठी लागते. आबांनी ठरवून टाकलं, "पोरीला पुन्ना फळीवर घ्यायचं न्हाई. उड्या मारती ती." दुसऱ्या दिवसापासून तिच्या जागी त्यांनी एक दगड ठेवला. तिच्याएवढ्या वजनाचा. तो सरकू नये म्हणून मी त्याला पायानं दाबून धरायचो, आणि ती बांधावर पाय पसरून बसून आमच्याकडे बघायची.

हे मी चाळीस वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं.

आता मी खिशातून टेप काढला आणि तिन्ही फळ्या मोजल्या. धाकटी साडेचार फुटांच्या आत, देखणी, दोन्ही टोकांना वर वळलेली. मधली तिच्याहून चार बोटं लांब. थोरली पाच फुटांवर, रुंद, जवळजवळ पाटासारखी सपाट. शिकणारे तिला दार म्हणतात, असं ती मुलगी म्हणाली.

"आज वारा मंद आहे," ती समजावू लागली, "आणि इथं बहुतेक असाच असतो. पतंगाची ओढ कमी मिळते. लहान फळीला पाण्यावर तरायला वेग लागतो. मोठी सपाट फळी थोड्या ओढीतही वर राहते. वळायला जड जाते, पण सुरुवातीला कुणाला वळायचंय?"

"हे धूड हिला झेपायचं नाही," मी म्हणालो. "ती लहानखुरी आहे. धाकटीच द्या."

"दादा म्हणतोय तर तीच," बहीण म्हणाली.

ती नेहमीच असं म्हणते. कॉलेजला कोणता विषय घ्यायचा तेव्हाही म्हणाली होती.

धाकटी फळी घेऊन ती पाण्यात गेली. पतंग खाली झेपावला, बहीण गुडघे वाकवून वर आली. कुणी न शिकवता मागं रेललेली. दोन हात पुढं गेली आणि फळीची मागची कड पाण्यात रुतली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. नाकातोंडातलं पाणी शिंकरत ती बाहेर आली.

"परत उडी मारली मी."

"ताई, तुम्ही उडी नाही मारली," ती मुलगी म्हणाली. "फळी बुडाली. मी बघत होते."

"न्हाई गं बाई. मला म्हाईत हाय ना माझं. ऐन वेळेला घाबरून उडी मारते मी. लहानपणापासूनची खोड हाय. म्हणून तर स्कूटी न्हाई घेतली कधी. विहिरीत पोहायला न्हाई शिकले. आमचे हे म्हणतात, हिला गाडीवर मागं बसवायचं म्हणजे सुद्धा जीव मुठीत."

ती हे हसून सांगत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. माझी समजूत होती की तिला खरं माहीत आहे आणि मोठ्या मनानं ती गप्प राहिली आहे. त्या समजुतीवर मी बऱ्यापैकी सुखात जगलो होतो. ती गप्प नव्हतीच. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

ती मुलगी दोऱ्यांचा गुंता सोडवायला लांब गेली. बहीण टॉवेल गुंडाळून खाली बसली. मी तिच्याशेजारी बसलो.

"अगं, तू तेव्हा उडी मारली नव्हतीस."

"कवा?"

"फळीवरून. मी बैल पळवले. तू नको म्हणालीस तरी पळवले. तू फेकली गेलीस. आबांना मी खोटं सांगितलं."

तिनं टॉवेल अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. मग म्हणाली, "पण मला आठवतंय ना. मी हवेत हुते."

"हवेत होतीस. पण उडी नव्हती ती."

तिनं अंगठ्यानं डावा घोटा दाबून बघितला, जणू आत काही बदललं आहे का ते पाहत होती. "आबा जाईपर्यंत मला उडीबाई म्हणायचे," ती हळू म्हणाली. "लग्नात मांडवात सगळ्यांसमोर म्हणले, जावईबापू, आमच्या उडीबाईला धरून ठेवा. सगळे हसले. तू पण हसला हुतास."

"हो."

"सगळ्यात जोरात तू हसला हुतास, दादा."

मी माफी मागितली. कशी मागितली ते मला इथं लिहिता येणार नाही, कारण वाक्य एकही पुरं झालं नव्हतं. ती पाण्याकडे बघत राहिली. मग एकदम उठली, तंबूपाशी गेली आणि तो कागद नि पेन घेऊन आली. घोट्यापुढची ओळ तिनं आडवी रेघ मारून खोडली आणि कागद माझ्या मांडीवर टाकला.

"लिही. तुझ्या हातानं लिही."

मी लिहिलं : लहानपणी भावाने बैल पळवले, त्यामुळे फळीखाली पाय आला. आणखी लिहायला गेलो तर तिनं पेन काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे. खोटं बोललास ते एवढ्या जागेत मावायचं न्हाई."

मग ती फळ्यांकडे गेली. धाकटी तिनं पायानं बाजूला सारली. मधलीकडे बघितलंही नाही. थोरली उभी करून तिच्याशेजारी उभी राहिली. फळी जवळजवळ तिच्या डोक्यापर्यंत पोहोचत होती.

"ती जड..." मी म्हणालो.

"तू गप. आजपासून फळीतलं तू मला सांगायचं न्हाईस." आणि त्या मुलीला हाक मारून म्हणाली, "ही घेते मी. विकतच घेते. एकदा बघू दे फक्त."

मी उचलू लागायला गेलो तर म्हणाली, "सोड." काखेत न मावणारी ती फळी तिनं डोक्यावर घेतली, पूर्वी चाऱ्याचा भारा घ्यायची तशी, आणि जाड घोट्याच्या पायानं किंचित झोकांड्या खात पाण्यात उतरली. मी गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिलो. वारा मघाइतकाच होता, तंबूचा पडदा जेमतेम हलत होता. पतंग झेपावला. ती वर आली. ते दार बुडालं नाही. आमच्या बुडालेल्या शेतावरून, फळी ओढताना आम्ही जिथून जायचो जवळजवळ तिथूनच, ती मागं रेलून सरकत गेली. आमच्या अंगणाची लांबी असेल एवढं अंतर ती गेली. त्यात मला एकदा "हुई" ऐकू आलं. मग पतंगानं पाण्यात तोंड खुपसलं आणि ती आडवी झाली.

वर आली, तोंडावरचे केस मागं सारले आणि तिथूनच ओरडली, "दादा! काय झालं ते बघितलंस का?"

"बघितलं!"

"मग सांग की! खरं सांग!"

"पतंग खाली आला!" मी ओरडलो. "म्हणून तू पडलीस! उडी नाही मारलीस!"

"बघ, येतंय की तुला," ती म्हणाली आणि तरंगत लांब गेलेली फळी आणायला वळली.