निर्जळीचा तिसरा शुक्रवार

देवीवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण त्या वर्षी माझ्यात श्रद्धा कमी आणि हट्ट जास्त होता, हे आता मागे वळून पाहताना कळतं. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. मी तेव्हा कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका लहान गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. यजमान फौजेत होते, दूर सरहद्दीकडे. भाड्याच्या खोलीत मी आणि सासूबाई अशा दोघीच राहायचो. थंडीच्या दिवसांपासून माझ्या कमरेत उजवीकडे एक कळ उठू लागली होती. पाठीतून निघायची आणि ओटीपोटात उतरायची. फळ्यावर लिहिताना आली की मी खडू तसाच हातात धरून भिंतीला टेकायची, आणि वर्ग न सांगता गप्प व्हायचा.

सांगलीला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. फोटो काढला, त्यात मुतखडा दिसला. "भरपूर पाणी प्या," डॉक्टर म्हणाले, "तांब्यामागून तांब्या गेला पाहिजे. त्यानं पडला तर पडला, नाहीतर ऑपरेशन." मी मान डोलावली. पाणी मी पीतच नव्हते, आणि का पीत नव्हते ते त्यांना सांगितलं नाही. शाळेत मी एकटीच बाई. बायकांसाठी तिथे काही सोय नव्हती. भोवती उघडा माळ, आणि होती नव्हती ती झुडपंही दुष्काळात चुलीत गेलेली. पहाटे उजाडायच्या आत जाऊन यायचं, ते एकदम दिवस मावळल्यावर. म्हणून सकाळच्या चहानंतर मी घरी परतेपर्यंत पाण्याला शिवत नसे. चार वर्षांत अशी सवय झाली की तहान लागायचीच बंद झाली. परक्या पुरुषापुढे हे बोलायला माझी जीभ रेटली नाही. त्यातून पाणी टँकरचं. आपण कमी प्यालो तर तेवढंच घरात उरतं, याचं मला थोडं कौतुकही वाटत होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी गेले. माहेर औंधजवळचं, यमाई आमची कुलदेवी. ऑपरेशनच्या धास्तीनं मी मनाशीच नवस बोलले, की पाच शुक्रवार पाण्याचा थेंबही न घेता डोंगर चढीन, तू एवढा खडा पाड. आई म्हणाली, असल्या उन्हात निर्जळी कशाला, साधा उपास धर. मी ऐकलं नाही. जितकं सोसावं तितकं देवी लवकर पावते, असा माझा हिशेब होता. पहिले दोन शुक्रवार निभावले. तिसऱ्या शुक्रवारी निम्म्याहून जास्त पायऱ्या चढल्यावर ती कळ आली, आणि या वेळी थांबेचना. मी पायरीच्या कडेला बसले. पोटात काही नसताना उलटी झाली. डोळ्यांपुढे काळोख दाटला. कळस वर दिसत होता, पण उठता येत नव्हतं. त्या क्षणी मला देवीचा राग आला. इतकं करूनही ती दाराशी येऊ देत नाही, असं वाटलं.

कुणीतरी खांद्याला धरलं. डोंगराच्या उतारावर काटक्या गोळा करणारी एक बाई मोळी टाकून आली होती. पन्नाशी उलटलेली, काळीसावळी, स्वच्छ नेसलेली. तिनं मला सावलीला सरकवलं, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "आवं बाई, दुखतंय कुठं?" मी कमरेवर हात ठेवला. "खडा हाय व्हय?" ती म्हणाली. "मी पलूसकडं दवाखान्यात आया हाय. लेक बाळंत झालीया म्हनून हितं आले. असलं दुखनं लय बघितलंय." तिनं कमरेच्या पिशवीतून सलाइनची काचेची बाटली काढली. पाण्यानं भरलेली, तोंडाला रबरी बूच. बूच काढलं, आणि मग तिचा हात मध्येच थांबला.

"आमी बौद्ध हाय, बाई," ती म्हणाली. "आदी सांगितल्यालं बरं. चालंल का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. हे लिहायला जड जातं, पण लपवत नाही. मुलांना मी शाळेत समतेचे धडे शिकवत होते. मी म्हणाले, "माझी निर्जळी आहे." ते खरंच होतं. पण थांबण्याचं तेवढं एकच कारण होतं का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तिला काय समजायचं ते समजलं असावं. तरी ती उठून गेली नाही. शेजारी बसून म्हणाली, "मी काय देव मानत न्हाई. पर तुमी हिला आई म्हंता न्हवं? मग आई लेकीला तानलेली वर बोलवंल व्हय?"

मला रडू फुटलं. मी बाटली तिच्या हातातून घेतली. पाणी कोमट होतं, त्याला रबराचा वास येत होता. ती सांगत होती, "सावकास. घोट घोट घ्या." घोटांच्या मधे मी शाळेत शिकवते हे तिला सांगितलं होतं; बाटली संपली तशी तिनं विचारलं, "बाई, डागदरनं पानी प्या म्हनून सांगितलं आसंल की. मग का पीत न्हाई? शाळंत आडोसा न्हाई व्हय?"

सांगलीच्या डॉक्टरांनी हे विचारलं नव्हतं. सासूबाईंनी, आईनं, कुणीच नाही. मी नुसती मान हलवली. ती म्हणाली, "मग देवीला कशाला कोड्यात टाकता? हेडमास्तरला सांगा. तुराट्याचा कूड घालाया कितीसा येळ लागतोय? लाजून जीव जाईल, बाई." मग तिनं मला हाताला धरून पायरी पायरी खाली उतरवलं, एस.टी.च्या थांब्यावर सावलीत बसवलं, आणि मोळी वर राहिलीय म्हणत परत डोंगराकडे गेली. मी तिचं नावही विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली त्या पहिल्याच दिवशी मी हेडमास्तरांच्या टेबलासमोर उभी राहिले. शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे विसरले. सरळ म्हणाले, "सर, मी दिवसभर पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. त्यानं मला खडा झालाय." त्यांनी हातातला टाक खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, चार वर्षं झाली तुम्हाला इथं. आमच्या ध्यानातच आलं नाही." आठवड्याभरात शाळेमागे तुराट्यांचा कूड उभा राहिला, तुरीच्या वाळल्या काड्या शेणानं लिंपून केलेला आडोसा, दाराला गोणपाट. मी टेबलावर तांब्या ठेवू लागले. सुरुवातीला पाणी औषधासारखं घोटावं लागे. मग हळूहळू तहान परत आली. श्रावणात एका सकाळी मोठी कळ येऊन खडा पडला, मसुराएवढा. पुन्हा फोटो काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता काही नाही. त्या वर्षी सातवीच्या तीन मुली, ज्या मोठ्या झाल्या म्हणून घरी बसल्या होत्या, पुन्हा वर्गात येऊ लागल्या. त्यांच्या आयांशी मी काही बोलले नव्हते. त्यांनी कूड बघितला होता.

त्या बाईला देवीनं धाडलं होतं का, असं मला विचारतात. मला माहीत नाही. तिला स्वतःला ते आवडलं नसतं. मला एवढंच कळतं की मी सोसून देवीला विकत घ्यायला निघाले होते, आणि तिच्या दारापर्यंत पोचायच्या आधी मला कुणीतरी बसवलं, पाणी दिलं, आणि जे बोलायला मी लाजत होते ते माझ्याकडून काढून घेतलं. शरण जाणं म्हणजे देह झिजवणं, असं मला वाटे. आपल्याला कशाची गरज आहे ते मान्य करून हात पुढे करणं, हे त्याहून अवघड निघालं.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा औंधला गेले. नवसाचा मोडलेला तिसरा आणि पुढचे दोन शुक्रवार राहिले होते, ते राहू दिले. आईही सोबत होती. दोघी थांबत, पाणी पीत चढलो. गाभाऱ्यात उभी राहिले आणि काय मागावं ते सुचेना. मागच्या बाया म्हणाल्या, "सरका की बाई म्होरं." मी हात जोडले, एवढंच म्हणाले, "आई, आले गं," आणि बाजूला झाले.