मैनाबाईंचा फोन तापतो तेव्हा

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मैनाबाईंचा फोन बंद पडला. सलग दुसऱ्या दिवशी. पहाटे घरून निघताना तो पूर्ण भरलेला होता; सुनेने, शेफालीने, स्वतः चार्जरवरून काढून त्यांच्या हातात दिला होता. आणि आता मार्केट यार्डाच्या फूलबाजारात, निशिगंधाच्या जुड्या आणि झेंडूचे क्रेट यांच्यामध्ये, तो गप्प पडला होता. हात लावला तर तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखा गरम.

"ताप आलाय त्याला मावशी," शेजारच्या गाळ्यावरचा साईनाथ म्हणाला. "अर्धी गोळी द्या."

"तुझ्या जिभंला दे आधी," मैनाबाई म्हणाल्या, आणि गजरे ज्या ओल्या फडक्यात ठेवायच्या त्याच फडक्यात त्यांनी फोन गुंडाळला. तो प्लास्टिकच्या पिशवीत होता, त्यामुळे भिजण्याची भीती नव्हती. फडक्यात मोगरा दुपारपर्यंत टवटवीत राहतो. फोनने का राहू नये?

फोन राहिला नाही.

मैनाबाई पंचावन्न वर्षांच्या, उंड्रीच्या. त्यांच्या शेवंतीच्या वावरात आता बारा मजली इमारत उभी आहे आणि तिच्याच चौथ्या मजल्यावर त्या राहतात. घरात काही कमी नाही. मुलाला नोकरी आहे. नवरा, गेनबा, सोसायटीच्या बागेतल्या माळ्याला दिवसभर सूचना देत असतात आणि माळी ते ऐकल्यासारखं करतो. मैनाबाईंनी मात्र फूलबाजार सोडला नाही. आधी सासऱ्यांनी पिकवलेली फुलं विकायला त्या इथे यायच्या, आता दुसऱ्यांची फुलं घेऊन हार करायला येतात. एकेक गिऱ्हाईक कमी करत करत शेवटी एकच नेहमीचं काम त्यांनी ठेवलं होतं: कर्वेनगरातल्या एका मंगल कार्यालयाचे हार आणि तोरणं. घरात तसं ठरलंच होतं. कार्यालयाचं काम आहे तोवर जा. ते सुटलं की बास, पहाटे उठणं बंद, घरी बसायचं.

"बसून काय करू?" असं त्यांनी तेव्हा विचारलं होतं. गेनबा म्हणाले होते, "माझ्यासंगं बागंत ये."

लग्नसराईत त्या कार्यालयाच्या व्यवस्थापक, नीरजा मॅडम, रोज बारा ते एकच्या दरम्यान फोन करून पुढचं काम सांगायच्या. आणि दोन दिवस नेमका त्याच वेळी फोन बंद.

मैनाबाईंनी साईनाथच्या फोनवरून त्यांना फोन लावला.

"अहो मैनाबाई, काल तोरणं ऐनवेळी दुसरीकडून आणवली मी."

"मॅडम, फोन लई तापतोय. तुम्ही या साईनाथच्या नंबरावर निरोप..."

"निरोप नको. मागच्या वर्षी एकाकडे ठेवला होता. निरोप पोहोचला, हार नाही पोहोचले." नीरजा मॅडमचा आवाज कधी चढत नाही; चढला असता तर बरं, असं ऐकणाऱ्याला वाटतं. "उद्या बारा ते एकमध्ये लावते. लागला तर रविवारच्या लग्नाचं सांगेन. नाही लागला तर आपण समजून घ्या."

साईनाथने फोन परत घेतला आणि न सांगता मैनाबाईंचे क्रेट उचलून रचायला लागला.

दुपारी सामान आवरून मैनाबाई स्वारगेटला आल्या, मेट्रोने मंडईला उतरल्या आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शिरल्या. आमोदचं फोन दुरुस्तीचं दुकान कपाटाएवढं. चष्मा कपाळावर चढवून तो कुठल्यातरी फोनच्या पोटात बघत होता.

"बॅटरी बदलून द्या," मैनाबाई म्हणाल्या.

"आधी बघू तरी द्या, काकू."

त्याने ओलं फडकं सोडलं. आत रबरबँड लावलेली प्लास्टिकची पारदर्शक पिशवी. पिशवीत रेक्झिनचं पाकीट, स्क्रीन दिसावी म्हणून समोरून कापलेलं. पाकिटात जाड रबरी कव्हरातला फोन, आणि कव्हराच्या आत बसचा पास, शेफालीचा फोटो आणि अंगाऱ्याची पुडी. हे सगळं त्याने एकाखाली एक मांडलं.

"फोन आहे ना नक्की आत? का अजून एक पिशवी?"

"फूलबाजारात पाणी उडतं. सारखं मारत असतात फुलांवर."

"हं." त्याने फोन चार्जरला लावून सुरू केला आणि थोडा वेळ बोटाने वरखाली करत राहिला. "बॅटरीला काही झालेलं नाही. बदलायची हौसच असेल तर बदलतो."

"मग जाते कुठं ती?"

"फोनच सांगतो. हे बघा." त्याने एक यादी दाखवली. कशाने किती बॅटरी खाल्ली, ते ओळीने लिहिलेलं. "पहिला नंबर स्क्रीनचा. दिवसभर सिनेमे बघता का?"

"सिनेमे कुठले? नुसता चालू ठिवते."

"नुसता?"

मैनाबाईंनी नीरजा मॅडमच्या फोनसकट सगळं सांगितलं. बाजारात आडत्यांचा ओरडा असतो, हातगाड्या असतात, टेम्पोचे भोंगे असतात. रिंग ऐकूच येत नाही. म्हणून फोन आला की निदान दिसावा, यासाठी त्यांनी शेफालीकडून स्क्रीन कधी विझणार नाही असं करून घेतलं होतं. उन्हात दिसावा म्हणून उजेडही पूर्ण वाढवून. पहाटेपासून तो पाण्याच्या बादलीला टेकून त्यांच्याकडे तोंड करून जळत बसायचा, आणि त्या हार ओवता ओवता त्याच्याकडे बघत बसायच्या.

आमोदने चष्मा खाली घेतला. "म्हणजे मॅडमच्या फोनची वाट बघता बघता तो मॅडमचा फोन यायच्या आधीच मरतो."

मैनाबाईंना हसू यायला हवं होतं, आलं नाही.

"दुसरा नंबर फोटोंचा. तीन हजार आहेत. सगळे हारच?"

"केलेला प्रत्येक हार काढून ठिवते. विकला की जातो ना तो."

आमोदने आणखी दोन-तीन हार सरकवून बघितले. मग म्हणाला, "हे फोटो इंटरनेटवर साठवायला फोन धडपडतोय. तुमच्या तिथे वर पत्रा, रेंज नाही. पाठवतो, अडकतो, परत पाठवतो. दिवसभर. तापणार नाही तर काय! आता घरच्या वायफायवरच जातील, असं करतो. एकही पुसणार नाही, घाबरू नका."

त्याने स्क्रीन अर्ध्या मिनिटात विझेल असं केलं, उजेड उतरवला. मग स्वतःच्या फोनवरून त्यावर रिंग दिली, तेव्हा मैनाबाईंच्या फोनच्या पाठीवरचा कॅमेऱ्याचा दिवा लखलख करायला लागला.

"पालथा ठेवायचा. फोन आला की हा दिसेल. उन्हातसुद्धा."

पैसे त्याने घेतले नाहीत. "सेटिंगचे पैसे घेतले तर आई जेवायला वाढणार नाही," म्हणाला. मैनाबाईंनी पिशवीतला उरलेला गजरा काढून काउंटरवर ठेवला. "आईला दे."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोनमध्ये शहात्तर टक्के होते. साईनाथने येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगितलं, जसं काही ते टक्के त्यानेच घातले होते. पण पावणेबाराला मैनाबाईंनी हात लावला तर फोन पुन्हा गरम. त्रेसष्ट टक्के.

"उतरतोय की, मावशी."

"दिसतंय मला."

तेवढ्यात झेंडूची उशिरा आलेली गोणी समोर पडली. मैनाबाईंनी सवयीने तोंड सोडून कोपरापर्यंत हात आत खुपसला. झेंडू घेताना वरची फुलं बघायची नसतात, मधल्या फुलांना हात लावायचा असतो. रात्रभर गोणीत कोंडलेला माल आतून तापतो. वरून पिवळाधमक आणि पोटात काळा. ही गोणी गरम लागली. त्यांनी ती ताडपत्रीवर उलटी केली आणि फुलं हाताने पसरत गेल्या, वारा लागेल अशी, एकावर एक न येतील अशी.

पसरता पसरता त्या थांबल्या.

फोन सकाळी त्यांनी नेहमीसारखाच बांधला होता. कव्हर, पास, पुडी, पाकीट, पिशवी, रबरबँड. आणि तो गाळ्याच्या कडेला, तापलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर, थेट उन्हात होता.

"कोंडलाय की ह्यो!" असं म्हणून त्यांनी एकेक थर सोडवला. उघडा फोन त्यांनी सावलीत, उलट्या घातलेल्या क्रेटवर पालथा ठेवला. क्रेटच्या फटींमधून खालून वारा येत होता.

"आणि पाणी उडालं म्हणजे?" साईनाथने विचारलं.

"तू झारी खाली ठिव तासभर."

साईनाथने झारी खाली ठेवली. सव्वाबारा झाले. मैनाबाई हार ओवत होत्या, पण सुई दोनदा बोटाला लागली. साडेबारा. फोन आता हाताला कोमट लागत होता, नुसता पडून होता. बारा चाळीसला साईनाथच ओरडला, "मावशी, दिवा!"

मैनाबाईंचा हात निशिगंधाच्या पाण्याने ओला. त्यांनी फोन उलटून बोट फिरवलं, तो उचलला जाईना. पदराला पुसून फिरवलं, तरी नाही. शेवटी त्यांनी वाकून नाकाने फिरवलं.

"लागला!" नीरजा मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं, आणि ते लपवायला त्या विसरल्या होत्या. रविवारचं लग्न सांगितलं: गुलाब-निशिगंधाचे दोन हार, अकरा तोरणं, चाळीस गजरे. पुढच्या आठवड्यात मुंज, तीही तुमच्याकडेच. मैनाबाई मान डोलावत सगळं मनात ठेवत होत्या. मग मॅडमना एकदम बोलायची लहर आली. रविवारच्या मुलीच्या आईला म्हणे निळी फुलं हवीत, आता निळा रंग लग्नात कुठून आणायचा, आणि काल तर त्या बाईंनी...

मैनाबाईंनी फोन गालापासून जरा लांब धरून बघितला.

"मॅडम, बाकीचं उद्या सांगा. ठिवते आता. बोललं की तापतो ह्यो."

आणि त्यांनी खरंच ठेवला.

साईनाथ बघतच राहिला. "मावशी, गिऱ्हाइकाचा फोन ठेवला तुम्ही!"

"काम सांगून झालं होतं त्यांचं," मैनाबाई म्हणाल्या आणि सुईत नवा दोरा घातला. "तू झारी उचल आता. निशिगंध मान टाकायला लागलाय."