एका नावाचे दोन कॉम्प्युटर

आमच्या घरात वरच्या मजल्यावर धाकट्या जावेचा कॉम्प्युटर होता आणि खाली माझा. तिचा सपाट पडद्याचा, माझा मागे भलं मोठं डबडं असलेला. दोन्ही शालिमारच्या बाजारातल्या एकाच माणसाने सुटे भाग आणून जोडून दिलेले, पण तिचा नंतर आला म्हणून चांगला आला. आमच्याकडे हे सगळ्याच बाबतीत असं होतं.

दीर हौशी. त्यांनी घरातले जुने अल्बम स्कॅन करून तिच्या कॉम्प्युटरवर चढवायला घेतले आणि सासूबाईंचा मुक्काम दुपारचा वर हलला. माझ्याबरोबर भाजी आणायला चला म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायचे, जिना मात्र कठडा धरून बिनतक्रार चढायच्या. जेवणखाण, औषधं, डोळ्यांत थेंब घालणं माझ्याकडे. गप्पा आणि कौतुक तिच्याकडे. वरून दोघींच्या हसण्याचा आवाज आला की माझी तव्यावरची पोळी करपायची. पोटात दुखायचं माझ्या, दुसरं काय.

म्हणून ठरवलं, फोटोच खाली आणायचे. मग बघू त्या कुठे बसतात. सीडीवर घेता आले असते, पण दीर रोज नवे चढवायचे आणि दर वेळी जावेपुढे हात पसरायची माझी तयारी नव्हती. दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडले की तिचं फोल्डर मला इथे बसून उघडता येणार होतं. मी सकाळच्या शाळेच्या ऑफिसात क्लार्क, कॉम्प्युटरचा कोर्स नोकरीपायी करावाच लागलेला. तेवढं मला जमण्यासारखं होतं.

ह्यांनी बाल्कनीच्या जाळीतून केबल खाली सोडून दिली आणि ओझरच्या कारखान्यातल्या पहिल्या पाळीसाठी झोपायला गेले. पुढचं सगळं माझ्या गळ्यात. केबलच्या पिना काढून पुन्हा बसवल्या. दोन्हीकडचा वर्कग्रुप एकच आहे ना ते पाहिलं. फायरवॉल बंद करून पाहिली. वर जाऊन फोटोंचं फोल्डर शेअर केलं, तेव्हा त्या पिवळ्या चित्राखाली फोल्डर धरलेला हात उमटला. जाऊ म्हणाली, "अय्या, कसलं गोड." खाली आले तर काहीच दिसत नव्हतं. कोपऱ्यात एक सूचना मात्र सारखी वर येत होती. नेटवर्कवर याच नावाचा दुसरा कॉम्प्युटर आहे.

जोडणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, आपण सगळीकडे सॉफ्टवेअर एकाच सीडीवरून टाकतो, त्यामुळे नाव सेमच येतं. दोघांतल्या एकाचं बदला ना, विषय संपला."

मनात आलं, एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील? हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. नव्वदीच्या सुरुवातीला मनमाडला माझं लग्न झालं, तेव्हा ते सासूबाई म्हणाल्या होत्या. माझं माहेरचं नाव आणि त्यांचं नाव एकच निघालं, एका नदीचं. मग ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि नदीची मी फूल झाले. मला कोणी विचारलं नाही. पुढे धाकटी आली पुण्याहून. ती म्हणाली, माझं सगळं शिक्षण याच नावावर झालंय, मी बदलणार नाही. सगळ्यांना पटलं. माझी मॅट्रिक काय तांदळावर झाली होती? आणि ज्यांच्यासाठी माझं नाव गेलं, त्यांना तरी त्या नावाने कोण हाक मारत होतं? सासरे गेल्यावर त्या नुसत्या आई नाहीतर आजी उरल्या होत्या. नाव पडून होतं घरात, पण मला मिळालं नाही.

जिन्यात जाऊन जावेला म्हटलं, "एकाचं नाव बदलायला लागतंय."

"माझं नका हं बदलू, वहिनी," ती वरूनच म्हणाली. "माझा प्रिंटर, सगळं त्याच नावावर बसवलंय."

ह्यांना उठवून विचारलं. "मग आपलं बदलून टाक," हे कूस बदलत म्हणाले. "काय फरक पडतो?"

ह्यांना खरंच पडला नव्हता.

मी खुर्चीवर येऊन बसले. शेजारी सासूबाई चष्मा लावून फोटोंची वाट बघत होत्या. नाव लिहायची चौकट उघडली, जुनं पुसलं आणि माझं माहेरचं नाव टाईप केलं. इंग्रजी अक्षरांत ते जरा परकं दिसत होतं, पण माझंच होतं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. कोपऱ्यातली सूचना आली नाही.

"वर काही दिसतंय का गं?" मी जिन्याकडे तोंड करून विचारलं.

जावेने पडद्यावरचं नाव खणखणीत वाचलं. हाक मारावी तसं ते जिन्यातून खाली आलं.

"ओ," मी म्हणाले.

"ओ," सासूबाई म्हणाल्या.

जाऊ जिन्याच्या तोंडाशी आली. म्हणाली, "आईंचं नाव दिलंत होय? बरं सुचलं हो तुम्हाला." आवाज आंबट होता. मला फार बरं वाटलं.

सासूबाई मात्र पडद्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. "तुझंही हेच होतं, नाही का गं?" त्या म्हणाल्या. "विसरलेच होते मी."

मी फोल्डर उघडलं. त्यांच्या लग्नाचा फोटो हळूहळू पडद्यावर उतरायला लागला. त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि त्यानंतरच्या दुपारीही खालीच बसल्या. आमच्याकडे हा किस्सा पुष्कळदा सांगतात, दोघींनी एकदम ओ दिली म्हणून. एकदम नव्हती. माझी आधी होती.