मास्तरांचा समुद्र

"पाणी बदल," मान वर न करता मास्तर म्हणत. ब्रश धरलेला हात हवेतच थांबे, आणि वहिनी गढूळ निळ्या पाण्याचा वाडगा उचलून नेत.

नगरला आमची आणि त्यांची भिंत एकच. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. दर मे महिन्यात सुट्टी लागली की एकटेच कोकणात हर्णैला जात आणि जलरंगातले समुद्र घेऊन येत. राहिलेले काम घरी पुरे करीत. चित्रे सुंदर असत, हे कबूल करायला हवे. माडांच्या रांगा, पडाव, लाटांचा फेस. माणूस मात्र एकाही चित्रात नसे.

वहिनी पाथर्डीकडच्या, विहिरींचे तळ बघत वाढलेल्या. एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "मला बी न्या की एकदा. लांबून बघंन."

"तुला काय कळणार त्यातलं? चित्र आहे ना समोर, ते बघ."

वहिनी हसल्या. अशा वेळी हसणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील.

फक्त एका सुट्टीत मी मास्तरांबरोबर गेलो होतो. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ते वाळूत बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या कोळणींशी थट्टा चालली होती, मोठमोठ्याने हसणे चालले होते. हा माणूस मी नगरला कधी पाहिला नव्हता.

"वहिनींना आणायला हवं होतं," मी म्हणालो.

"कागद ओला आहे. बोलू नका."

पुढे दुष्काळ पडला, नळ कोरडे झाले. तरी सुट्टी लागताच मास्तर निघाले. टँकरच्या रांगेत वहिनींना ऊन लागले. तिथेच कोसळल्या आणि संध्याकाळच्या आत गेल्या. आम्ही हर्णैला तार केली. मास्तर त्या वर्षी भलत्याच गावी उतरले होते. पाथर्डीहून भाऊ आला, त्याने अग्नी दिला.

दहावा उरकल्यावर मास्तर उगवले, बगलेत चित्रांची गुंडाळी. मीच सांगितले. ते उंबऱ्यावर टेकले. मग म्हणाले, "चित्रं उन्हात नकोत," आणि आत गेले.

वर्षाच्या आत त्यांनी दुसरे लग्न केले. मुलगी राहात्याकडची, वयाने बरीच लहान. आणि मे महिन्यात ते तिला चक्क समुद्रावर घेऊन गेले. माझ्या बायकोने त्या दिवसापासून मास्तरांशी बोलणे टाकले.

परत आल्यावर नवी वहिनी एक चित्र घेऊन आमच्याकडे आली.

"रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उभी करायचे. हलू नको म्हनायचे. पाय लई वळायचे, पर बोलायची सोय न्हाई."

तिने चित्र उलगडले. लाटांमध्ये एक बाई उभी होती, आपल्याकडे तोंड करून. मी लगेच ओळखली.

"भावजी, ही मी न्हाई. पयली अशीच हुती का?"

माझी बायको हात पुसत बाहेर आली, चित्राकडे पाहिले आणि तोंडाला पदर लावून आत निघून गेली. नवी वहिनी तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने सावकाश चित्राची गुंडाळी केली.

"लुगडं तेवढं माझं हाय," ती म्हणाली.