भरल्या हातांचा राम राम

कोणी "राम राम" म्हटलं की तो थांबायचा. चहाची किटली आणि कपांचा ट्रे रस्त्याच्या कडेला ठेवायचा, दोन्ही हात जोडून "राम राम, काका" म्हणायचा आणि मग वाकून सगळं पुन्हा उचलायचा. आता तुम्हीच सांगा, मंगरूळपीरसारख्या गावात स्टँडपासून तहसीलपर्यंत किती जण राम राम घालतात? चहा पोचेपर्यंत त्याचं सरबत व्हायचं आणि बोलणी मला बसायची.

"अरे भाऊ, चालता चालता मान हलव ना! मी नाही का, एका हातानं दूध ढवळते, दुसऱ्यानं सुटे देते, वरून गिऱ्हाईकाशी भांडते?" माझी टपरी स्टँडसमोर, आणि तोंडही टपरीला शोभेल असंच.

"एका टायमाले दोन कामं जमत नाई, वयनी," तो शांतपणे म्हणायचा. त्या शांतपणानं माझं डोकं आणखी तापायचं.

त्याला माझ्याकडे कामाला लावलं त्याच्या मोठ्या बहिणीनं. तिनं काही लपवलं नाही. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, डोक्यात आवाज येतात, गोळ्यांनी आता बरेच कमी आहेत. "आपले पाय आपोआप चालतात, ताई. याले पायाकडं ध्यान द्या लागते. बोलण्यात ध्यान गेलं का तोल जाते."

एके दिवशी तहसीलच्या पायऱ्यांवर एका वकीलसाहेबांनी त्याला दटावलं, "थांबतो कायले? चालत चालत बोल!" मोठ्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? त्यानं प्रयत्न केला. किटली एकीकडे, तो दुसरीकडे, मनगट मोडलं.

बहीण धावत आली. "पुरे झालं. आता घरीच राह्य."

"घरी बसलो का आवाज वाढते," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "वयनी, तुमी सांगा ना तिले."

मी सांगितलं. बहीण कशीबशी कबूल झाली, पण बजावून गेली की पुन्हा पडला तर काम बंद.

त्याचा हात बरा झाल्यावर मी पदर खोचला. तहसील, दुकानं, रिक्षावाले, एकालाही सोडलं नाही. "भरल्या हातानं येताना त्याले कोणी राम राम घालाल तर माया चहा बंद!" लोकांनी इतकं मनावर घेतलं की तो दिसला की बोलणारे गप्प व्हायचे. वकीलसाहेब तर भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

चार दिवसांनी तो उतरलेल्या तोंडानं आला. "वयनी, लोकं मायावर नाराज हायेत का? मले पायलं का सारे चूप होतात."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अरे बाबा, तू पडू नये म्हणून गप्प राह्यतात ते!" त्याला पटेना. मग पुन्हा फिरले, सगळ्यांना सांगितलं, परतताना घाला बाबांनो, मनसोक्त घाला. त्या दिवशी रिकामी किटली घेऊन तो निघाला तर दर दुकानातून राम राम. प्रत्येकापाशी किटली खाली, हात जोडून उत्तर. इकडे गिऱ्हाईकं खोळंबलेली, मी दातओठ खात उभी, आणि हा हसत हसत येतोय. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. रागवायचं राहूनच गेलं.

गेल्या उन्हाळ्यात बहिणीचं बिऱ्हाड वाशीमला हललं. "तिथंबी चायचंच काम पायतो," तो म्हणाला.

निघाला त्या दिवशी एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात वळकटी घेऊन तो एसटीच्या पायऱ्या चढत होता. रिक्षावाले, दुकानदार, वकीलसाहेब, सगळे जमले होते. कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही, आणि माझ्यासाठी ते सोपं नव्हतं.

तो खिडकीशी बसला. पिशवी खाली ठेवली, वळकटी खाली ठेवली. मग दोन्ही हात खिडकीबाहेर काढून जोडले. "राम राम, वयनी!"

मीही हात जोडले. एसटी कोपऱ्यावर वळली. मागे शेगडीवर दूध उतू जाऊन करपल्याचा वास येत होता, आणि माझे हात काही सुटेनात.