बिनमडगार्डची सायकल

माझी धाकटी जाऊ नंदाबाई. हट्टी म्हणजे किती हट्टी! शहागडजवळ हायवेवरच्या एका ढाब्यावर ती भाकरी थापते. ट्रकवाल्यांना सकाळी सकाळी गरम भाकरी लागते, म्हणून हिला उजाडायच्या आत निघावं लागतं. आधी रानातली काळ्या मातीची पाणंद, मंग हायवे. ऊन असो, पाऊस असो, धुकं असो, सुट्टी न्हाई.

सायकल घ्यायला मीच तिच्यासंगं अंबडला गेल्ते. दुकानदार श्रेणिकशेटनं गिअरची दाखवली, जाड टायरची दाखवली. नंदाबाईनं एकीवरही टांग टाकली न्हाई. एकेक सायकल उचलून खांद्यावर घेऊन बघायला लागली. दुकानातली माणसं हसायला लागली. पण आमच्याकडं पाऊस झाला की चिखल मडगार्डात असा गच्च बसतो, की चाक फिरतच न्हाई. मंग माणूस सायकलवर न्हाई, सायकल माणसावर बसते. तिनं सगळ्यात हलकी निवडली आणि म्हणाली, "शेटजी, दोन्ही मडगार्ड काढून टाका."

"बाई, मागचं राहू द्या," शेट म्हणाले. "लाल रेडियम त्याच्यावरच हाय. अंधारात गाडीवाल्याला तेवढंच दिसतं."

"मला गाड्या दिसतात ना? बास झालं!"

मी तिथंच भांडले. तिनं ऐकलं न्हाई. काढलेलं मागचं मडगार्ड मी पिशवीत घालून घरी आणलं आणि माळ्यावर टाकलं.

पावसाळ्यात तिचंच बराबर निघालं. गड्यांच्या सायकली पाणंदीत अडकायच्या, ही सरळ निघून जायची. वरून मला चिडवायची, "जाऊबाई, मडगार्ड जपून ठेवा, कुणाच्या तरी आहेरात देऊ." सीटखाली तरी रेडियम चिकटव म्हणलं, की "लावते, लावते."

दिवाळीनंतर गोदावरीकडून धुकं यायला लागलं. एक दिवस ढाब्यावर जेवता जेवता एक ड्रायव्हर दुसऱ्याला सांगत होता, "आज सकाळी एक सायकलवाला एकदम पुढ्यात आला. कचकन ब्रेक दाबला म्हणून वाचला. मागं काहीच चमकत न्हवतं त्याच्या." नंदाबाई त्याच्याच ताटात भाकरी वाढत होती.

"तो सायकलवाला म्हंजी मीच की, जाऊबाई!" घरी येऊन तिनं हसत हसत सांगितलं. त्या दिवसापासून ती घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. फोन वाजला तरी हातातलं काम टाकून धावायचे.

आणि मंग ती सकाळ. नंदाबाईची लेक अर्पिता, तिची कॉलेजात परीक्षा होती. धुक्यापायी एसटी आलीच न्हाई. मी दूध घालायला फाट्यावर गेल्ते, दोघी तिथंच उभ्या होत्या. नंदाबाईनं सायकल लेकीच्या हातात दिली. "जा जल्दी, मी जीपनं येते."

अर्पिता हायवेला लागली. अंगात लाल स्वेटर होता. रसवंतीच्या पाटीपर्यंतही पोचली नसेल, तोवर स्वेटर दिसेना, सायकल दिसेना. नुसतं पांढरंफटक. नंदाबाई बघतच राहिली.

"जाऊबाई, पोरगी कुठंय?"

"पुढंच तर गेली की."

"मला दिसून न्हाई राह्यली!"

तेवढ्यात मागून ट्रकचा आवाज आला. दिवे दिसायच्या आधीच नंदाबाई चपला टाकून धावत सुटली. "अर्पिते, खाली उतर! रस्त्याच्या खाली उतर!" असा आवाज मी जन्मात ऐकला न्हवता. ट्रक माझ्या शेजारून धडधडत धुक्यात घुसला. मी दुधाची किटली तिथंच टाकून मागं पळाले.

अर्पिता कडेच्या नालीत सापडली, अंगावर सायकल, दोन्ही गुडघे फुटलेले. आईची हाक ऐकून तिनं सायकल तशीच उतारावर घातली होती. ट्रक मात्र त्याच वेगात निघून गेला. ब्रेकसुद्धा लागला न्हाई. तिथं कुणी होतं, हे त्या ड्रायव्हरला आजही ठाऊक न्हाई. पुढं जाऊन ढाब्यावर भाकरीसुद्धा खाल्ली असंल त्यानं.

घरी आल्यावर नंदाबाईनं माळ्यावरचं मडगार्ड मागितलं. मी काढून दिलं, तिनं त्याच दिवशी ते सायकलीला परत बसवून घेतलं.

परवा अवकाळी पाऊस पडला. पहाटे पाणंदीत तिचं चाक जाम झालं. तिनं सायकल खांद्यावर घेतली आणि हायवेकडं चालू लागली. मी मागून बॅटरी धरून उभी होते. लाल रेडियम लखलखत होतं. पाणंदीच्या कडेच्या बाभळीपर्यंत मला ते दिसलं. पुढं धुकं होतं, मंग तेही दिसेना.